कॅप्सूल एंडोस्कोपीचे पन्नास हजार फोटो: एआय त्यात नेमकं काय करतं?

मोठ्या माणसाचं लहान आतडं साधारण सहा मीटर लांब असतं. तोंडातून घातलेली दुर्बीण जठर ओलांडून त्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंत जाते. गुदद्वारातून घातलेली कोलोनोस्कोपीची दुर्बीण मोठं आतडं पार करून त्याच्या अगदी शेवटच्या टोकापर्यंत पोचते. मधला लांबलचक भाग या दोन्हींच्या आवाक्याबाहेर राहतो. एखाद्याचं हिमोग्लोबिन सारखं घसरतंय, लोहाच्या गोळ्या घेऊनही ते टिकत नाही, वरून आणि खालून केलेल्या दोन्ही तपासण्यांत काही सापडत नाही, तरी शौचात रक्ताचा अंश येतोच आहे, अशा वेळी संशयाची सुई या मधल्या भागाकडे वळते.

हा भाग पाहण्यासाठी गिळायचा कॅमेरा निघाला. हीच कॅप्सूल एंडोस्कोपी. गॅव्ह्रिएल इदान हे इस्रायलमधले अभियंते मुळात क्षेपणास्त्रांच्या प्रकाशीय यंत्रणेवर काम करणारे. त्यांनी आणि ब्रिटिश पोटविकारतज्ज्ञ पॉल स्वेन यांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत 2000 साली ‘नेचर’मध्ये या तंत्राची माहिती प्रसिद्ध केली, आणि 2001 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. कॅप्सूल साधारण 26 मिलिमीटर लांब आणि 11 मिलिमीटर जाड असते. आत कॅमेरा, दिवे, बॅटरी आणि फोटो बाहेर पाठवणारा छोटा ट्रान्समीटर. पोट साफ करून, उपाशीपोटी ती पाण्याबरोबर गिळायची. कमरेला पट्टा आणि रेकॉर्डर बांधलेला असतो. पुढचे आठ-बारा तास आतडी आपल्या नेहमीच्या हालचालीने तिला पुढे ढकलत नेतात आणि शेवटी ती शौचावाटे बाहेर पडते. भूल नाही, नळी नाही, फुगवलेलं पोट नाही.

रुग्णाचं काम इथे संपतं. डॉक्टरांचं इथून पुढे सुरू होतं.

सुरुवातीच्या कॅप्सूल सेकंदाला दोन फोटो घेत. आठ तासांचा हिशोब केला तर 57,600 फोटो. नव्या कॅप्सूल आपला वेग ओळखून सेकंदाला सहापर्यंतही फोटो घेतात. हे सगळे फोटो एकापाठोपाठ लावून व्हिडिओ बनतो आणि कुणीतरी तो डोळ्यांखालून घालायचा असतो. याला अर्ध्या तासापासून दीड-दोन तासांपर्यंत वेळ लागू शकतो. पोटविकारतज्ज्ञांच्या युरोपीय संघटनेची शिफारस अशी की एका वेळी एकच चित्र पाहत असाल तर सेकंदाला दहापेक्षा जास्त फ्रेम पळवू नका.

पडद्यावर काय दिसतं ते थोडं जवळून पाहू. गुलाबी-पिवळसर भिंत, तिच्यावर मखमलीसारखे दिसणारे सूक्ष्म अंकुर, मधूनमधून हिरवट पित्त, बुडबुडे, अन्नाचे कण. कॅप्सूलला स्टिअरिंग नसतं. ती गडगडते, उलटी होते. कधी एकाच वळणावर वीस मिनिटं अडून तोच तुकडा शेकडो वेळा दाखवते, तर कधी आतड्याच्या एका आकुंचनासरशी बराच भाग ओलांडून जाते. जठरातून बाहेर पडल्यावरच्या पहिल्या टप्प्यात तिचा वेग इतका असतो की पित्तनलिका आतड्यात उघडते तो उंचवटा, जो प्रत्येक माणसात असतोच, तोही अनेक तपासण्यांत एकाही फोटोत सापडत नाही. आणि शोधायचं असतं ते काय? अँजिएक्टेशिया म्हणजे भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्यांचा फुगलेला गुंता. तो दिसतो एखाद्या लालभडक ठिपक्यासारखा, काही मिलिमीटरांचा, आणि कधीकधी फक्त एक-दोन फ्रेममध्ये. सेकंदाला दहा फ्रेमच्या वेगाने एक फ्रेम डोळ्यांपुढे राहते सेकंदाचा दहावा भाग. त्या क्षणी वाचणाऱ्याने पापणी मिटली तर संपलं.

छापायला जायच्या पुस्तकाची मुद्रितं तपासणाऱ्याला हा त्रास चांगला माहीत असतो. तीनशे पानं बिनचूक गेल्यावर डोळे शब्द पाहणं सोडून देतात आणि जे असायला हवं तेच वाचू लागतात. कॅप्सूलच्या बाबतीत हे मोजलंही गेलं आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 17 डॉक्टरांना कॅप्सूलच्या चित्रफिती वाचायला दिल्या. अँजिएक्टेशिया 69 टक्के वेळा पकडले गेले, व्रण आणि खरवडल्यासारख्या जखमा 38 टक्के वेळा, गाठी आणि पॉलिप, म्हणजे भिंतीतून आत डोकावणारी वाढ, 46 टक्के वेळा. 2021 च्या दुसऱ्या एका अभ्यासात थकव्याची मोजणी झाली. एकच कॅप्सूल वाचून झाल्यावर पुढच्या वाचनातली अचूकता घसरलेली दिसली. दिवसभराच्या थकव्याचा प्रश्नच नाही, पहिल्या तपासणीनंतरच घसरण.

हे आकडे डॉक्टरांना नावं ठेवण्यासाठी नाहीत. तोच फोटो स्थिर करून समोर ठेवला, तर बहुतेक डॉक्टर तो बरोबर ओळखतील. कमी पडतं ते ज्ञान नव्हे, लक्ष. एआयचा या क्षेत्रातला उपयोग मला पटतो तो याच कारणासाठी. निदान करायला यंत्र हवंय असं नाही. न थकता, न कंटाळता, शेवटच्या फोटोकडेही पहिल्या फोटोइतक्याच बारकाईने पाहणारं काहीतरी हवंय.

यंत्राला लाल ठिपका कसा कळतो

संगणकाची मदत घेण्याचा प्रयत्न जुना आहे. कॅप्सूल आल्यानंतर थोड्याच वर्षांत वाचनाच्या सॉफ्टवेअरमध्ये रक्त शोधण्याची सोय आली. ती लाल रंगाच्या पिक्सेलवर चालायची. ताजं रक्त वाहत असेल तर उपयोग व्हायचा. पण वाहणं थांबलं असेल, व्रण पांढरट असेल, गाठ आजूबाजूच्या भिंतीच्याच रंगाची असेल, तर रंगावर बेतलेला नियम काय करणार? शिवाय भिंत नुसती लालसर असली तरी ते खूण करायचं. म्हणून डॉक्टरांचा त्यावर फारसा भरवसा बसला नाही.

आजचं एआय वेगळ्या रीतीने चालतं. त्याला कुणी ‘लाल असेल तर सांग’ असा नियम लिहून देत नाही. संगणकासाठी फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता. प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती. या तक्त्यावरून आकड्यांची एक छोटी चौकट, समजा तीन बाय तीनची, डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली सरकवली जाते. प्रत्येक जागी गुणाकार-बेरीज होऊन एक नवा आकडा निघतो. एखादी चौकट रंग जिथे अचानक बदलतो तिथे मोठा आकडा देते, म्हणजे तिला कड सापडते. दुसरी बारीक रेघा टिपते. अशा असंख्य चौकटींचे थर एकावर एक असतात. पहिल्या थरांना कडा आणि रंगांच्या सीमा कळतात, पुढच्यांना पोत, त्याच्या पुढच्यांना ‘पांढरट तळ आणि भोवती लाल कड’ असे एकत्र आकार. शेवटी शून्य ते एक यांमधला एक आकडा बाहेर येतो, म्हणजे या फोटोत व्रण असल्याची यंत्राची खात्री किती.

चौकटींतले आकडे सुरुवातीला कसेही, दिशाहीन असतात. यंत्राला डॉक्टरांनी खुणा केलेला फोटो दाखवतात. ते उत्तर देतं. उत्तर चुकलं की किती चुकलं ते मोजून प्रत्येक चौकटीतला आकडा किंचित हलवला जातो, पुढच्या वेळी चूक थोडी कमी व्हावी अशा दिशेने. हे हजारो फोटोंवर, पुन्हा पुन्हा. शिकणं म्हणतात ते एवढंच.

म्हणूनच सगळा डोलारा उभा असतो खुणा केलेल्या फोटोंवर, आणि तिथे मोठी अडचण आहे. नॉर्वेतून ‘क्वासिर-कॅप्सूल’ नावाचा फोटोसंग्रह 2021 मध्ये सर्वांसाठी खुला झाला. त्यात 117 चित्रफिती आणि 47 लाखांवर फोटो आहेत. त्यातले डॉक्टरांनी तपासून खूण केलेले 47,238. आता त्यांची विभागणी बघा: निरोगी भिंतीचे 34,338, अँजिएक्टेशियाचे 866, व्रणांचे 854, पॉलिपचे फक्त 55. निसर्गात रोगाचे फोटो कमीच असणार. पण यंत्र शिकतं ते उदाहरणांवरून, आणि आतड्यातल्या गाठीसारखा जो आजार चुकणं सर्वांत महागात पडतं त्याचीच उदाहरणं सर्वांत तुटपुंजी असतात.

आणखी एक फसवी जागा आहे, बाहेरून न दिसणारी. कॅप्सूल एका जागी अडली की त्याच व्रणाचे पन्नास जवळजवळ सारखे फोटो निघतात. त्यातले चाळीस शिकवायला वापरले आणि दहा परीक्षेला ठेवले, तर यंत्र परीक्षेत उत्तम गुण मिळवणारच, कारण प्रश्नपत्रिका त्याने आधीच पाहिली आहे. योग्य पद्धत म्हणजे शिकवायचे रुग्ण वेगळे आणि परीक्षेचे रुग्ण वेगळे, शक्यतो रुग्णालयही वेगळं. एआयच्या अचूकतेचा कुठलाही आकडा वाचताना मी आधी हे पाहतो. याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर त्या आकड्याला फार किंमत देऊ नये.

99 टक्क्यांचं काय करायचं

दोन शब्द समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सेन्सिटिव्हिटी म्हणजे खरोखर रोग असलेल्यांपैकी किती पकडले. स्पेसिफिसिटी म्हणजे निरोगी असलेल्यांपैकी किती योग्य रीतीने सोडून दिले. 2019 साली फ्रान्समधल्या एका गटाने अँजिएक्टेशिया ओळखणारी प्रणाली तपासली. सेन्सिटिव्हिटी 100 टक्के आली, स्पेसिफिसिटी 96 टक्के. ऐकायला छान. पण परीक्षेतल्या फोटोंपैकी निम्मे अँजिएक्टेशियाचे होते, निम्मे निरोगी. प्रत्यक्ष चित्रफितीत असं नसतं. समजा, 50,000 फोटोंत विकृतीचे फोटो आहेत पाच. यंत्राने ते पाचही पकडले. उरलेल्या निरोगी फोटोंपैकी 4 टक्क्यांवर ते चुकून बोट ठेवणार, म्हणजे जवळपास 2,000 फोटोंवर. डॉक्टरांपुढे 2,005 फोटो येतील आणि त्यातले खरे पाच, म्हणजे चारशेत एक.

याचा अर्थ प्रणाली वाईट आहे असा मुळीच नाही. पन्नास हजारांचे दोन हजार झाले हाच मोठा फायदा आहे. जोडीला सॉफ्टवेअर शेजारशेजारचे सारखे फोटो एकत्र करतं आणि ज्यांच्याबद्दल खात्री जास्त ते वर आणतं, त्यामुळे ढीग आणखी लहान होतो. खोटी खूण डॉक्टर क्षणात बाजूला सारतात. निसटलेली गाठ मात्र कुणाच्याच नजरेला पडत नाही. म्हणून अशा यंत्राचा उंबरठा मुद्दाम खाली ठेवलेला बरा: थोडा जरी संशय आला तरी दाखव.

प्रत्यक्ष रुग्णांवरच्या दोन अभ्यासांकडे इथे बघायला हवं. पहिला 2019 चा, चीनमधला, 77 रुग्णालयांतल्या 6,970 रुग्णांचा. फोटो 11 कोटींच्या वर. 1,970 रुग्णांच्या सुमारे 1,58,000 फोटोंवर यंत्र शिकवलं आणि उरलेल्या 5,000 रुग्णांवर ते तपासलं. रुग्णागणिक सेन्सिटिव्हिटी एआयच्या मदतीने 99.88 टक्के, नेहमीच्या वाचनात 74.57 टक्के. वाचनाचा सरासरी वेळ 96.6 मिनिटांवरून 5.9 मिनिटांवर. दुसरा अभ्यास 2024 मध्ये ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मध्ये आला. युरोपातली 14 केंद्रं, लहान आतड्यात रक्तस्रावाचा संशय असलेले 133 रुग्ण. संख्या लहान आहे, पण तो आधी आखणी करून, मग नवे रुग्ण घेत केलेला असल्यामुळे मला तो जास्त मोलाचा वाटतो. एआयच्या मदतीने सुमारे 74 टक्के रुग्णांत रक्तस्रावाचं कारण ठरू शकेल असं काहीतरी सापडलं, नेहमीच्या वाचनात सुमारे 62 टक्क्यांत. लहान आतड्याचं वाचन सरासरी 33.7 मिनिटांऐवजी 3.8 मिनिटांत झालं.

तरीही एक प्रश्न अशा सगळ्याच अभ्यासांना लागू पडतो. ‘खरं उत्तर’ कुणी ठरवलं? बहुतेक वेळा डॉक्टरांच्या एका गटानेच, दोन्ही वाचनांत सापडलेल्या गोष्टी पुन्हा पाहून. जे माणसालाही दिसलं नाही आणि यंत्रालाही दिसलं नाही, ते हिशोबात येतच नाही. त्यामुळे 99.88 या आकड्याचा खरा अर्थ ‘मिळून जे सापडलं त्यातलं 99.88 टक्के’ असा घ्यावा.

यंत्र कुठे अडखळतं हेही बऱ्यापैकी लक्षात आलं आहे. एका कंपनीच्या कॅमेऱ्याच्या फोटोंवर शिकलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याच्या फोटोंवर तितकंच चालेल असं धरून चालता येत नाही, कारण प्रकाश, रंग, भिंग सगळं बदलतं. पोट नीट साफ नसेल तर बुडबुडे आणि अन्नकण यंत्रालाही चकवतात. भिंतीच्या आत वाढणारी, वरून निरोगी आवरण असलेली गाठ तर फारच अवघड. अनेक प्रणाली एकेक फोटो सुटा पाहतात. डॉक्टर मात्र मागेपुढे करून पाहतात: हा फुगवटा पुढच्या फ्रेममध्ये विरला का? विरला असेल तर ती आतड्याची घडी किंवा शेजारच्या वेटोळ्याचा दाब, आणि तसाच राहिला असेल तर चिंतेचं कारण. सीलिॲकसारख्या, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते अशा आजारात एखादा ठिपका शोधून भागत नाही, बऱ्याच लांबीवरचे अंकुर झिजलेत का ते सलग पाहावं लागतं.

शिवाय फोटो सापडणं म्हणजे निदान नव्हे. तो लाल ठिपका या रुग्णाच्या रक्तस्रावाचं कारण आहे की योगायोगाने तिथे असलेला? रुग्णाला हृदयाच्या झडपेचा आजार आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, वेदनाशामक गोळ्या किती खाल्ल्यात, हे यंत्राला ठाऊक नसतं. पुढे उपचारासाठी लांब, फुगे लावलेली एंटरोस्कोपीची दुर्बीण घालायची झाली, तर ती तोंडाकडून की खालून, हे ठरवायला तो ठिपका आतड्यात साधारण कुठे आहे ते हवं असतं. ते डॉक्टर कॅप्सूलने जठर कधी सोडलं, मोठ्या आतड्यात कधी शिरली आणि फोटो त्या दरम्यान नेमका कधीचा आहे, यावरून अंदाजाने ठरवतात. जठर आणि आतड्याच्या या वेशी एआय आता बऱ्याच प्रमाणात आपोआप ओळखतं. बारीकसं वाटणारं पण रोजच्या कामात खूप वेळ वाचवणारं हे काम आहे.

मला खरी काळजी वाटते ती यंत्राने बाजूला ठेवलेल्या अठ्ठेचाळीस हजार फोटोंची. माणूस वाचत होता तेव्हा निदान प्रत्येक फोटो क्षणभर कुणाच्या तरी डोळ्यांपुढून जात होता. आता ते कुणीच पाहणार नाही. आणि सवयीचा परिणामही आहेच. पोलंडमधल्या काही केंद्रांवर कोलोनोस्कोपीसाठी एआय आलं, त्यानंतर डॉक्टरांनी एआय न वापरता केलेल्या तपासण्या पाहिल्या गेल्या. एआय येण्याआधी 28.4 टक्के तपासण्यांत ॲडेनोमा, म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकेल अशी गाठ, सापडत होती. ते प्रमाण 22.4 टक्क्यांवर आलं. 2025 साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास निरीक्षणांवर आधारलेला आहे, घसरणीला दुसरी कारणंही असू शकतात. पण कॅप्सूल वाचायला आज शिकणाऱ्या तरुण डॉक्टरांचा विचार केला की हा आकडा दुर्लक्षून चालणार नाही. हजारो निरोगी फोटो पाहिल्याशिवाय निरोगी भिंत किती रूपांत दिसते ते कळत नाही. पहिल्या दिवसापासून फक्त निवडक फोटो पाहिलेला डॉक्टर यंत्राची चूक ओळखणार कशी? शिकण्याच्या काळात काही चित्रफिती पूर्ण, यंत्राशिवाय वाचायला लावल्याच पाहिजेत.

रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर तपासणीत काही बदलत नाही. पोट साफ करणं तेच, उपवास तोच. आतडं कुठे अरुंद झाल्याचा संशय असेल, विशेषतः क्रोन्सच्या, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज राहणाऱ्या आजारात, तर कॅप्सूल अडकण्याचा धोका तोच, आणि म्हणून आधी विरघळणारी चाचणी-कॅप्सूल देण्याची पद्धतही तीच. कॅप्सूल बाहेर पडेपर्यंत एमआरआय करायचा नाही, हाही नियम कायम आहे. बदलतो तो रिपोर्ट, आणि तो बहुधा लवकर हाती येतो.

त्या रिपोर्टकडून मात्र माझी एक अपेक्षा आहे. एआय वापरलं असेल तर तसं लिहावं: कोणतं सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती, डॉक्टरांनी पूर्ण चित्रफीत पाहिली की फक्त निवडलेले फोटो, आणि आतडं किती स्वच्छ दिसत होतं. ‘काही आढळलं नाही’ या वाक्याचं वजन या चार गोष्टींवर अवलंबून असतं. फक्त निवडलेल्या फोटोंवरून ते वाक्य लिहिलं असेल आणि रुग्णाचं हिमोग्लोबिन तरीही घसरत राहिलं, तर दुसरी कॅप्सूल गिळायला सांगण्याआधी पहिल्याच तपासणीची जपून ठेवलेली चित्रफीत उघडावी आणि या वेळी ती पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत डॉक्टरांनी स्वतः पाहावी.